चादरीची पायाकडची बाजू

चैत्र सरत आला की सोलापुरातल्या चादरी घराबाहेर येतात. हिवाळाभर अंगावर घेतलेल्या या जाड सुती चादरी बायका रात्रीच भिजवून ठेवतात, सकाळी दगडावर आपटतात आणि ऊन चढण्याच्या आत स्लॅबवर पसरतात. दुपारपर्यंत त्या पत्र्यासारख्या ताठ होतात. ओल्या चादरीला एक वास असतो. साबणाचा, सुताचा आणि तिच्याखाली झोपलेल्या माणसाचा. ऊन हा शेवटचा वास काढून घेते. कडुनिंबाचा फुलोरा वाऱ्याने उडून टोकांच्या दशांमध्ये अडकतो. कालही समोरच्या स्लॅबवर चादरी पडल्या होत्या. मी खुर्ची सावलीत ओढली आणि त्यांचे कोपरे पाहू लागलो.

कोपरे पाहण्याची सवय मला एका उन्हाळ्याने लावली. त्या उन्हाळ्याविषयी लिहायचे आहे.

मी कापडाच्या डिझाइनचा शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावरही काही जण संशोधनासाठी माझ्याकडे येत राहिले. डिझाइनमधले संशोधन हा शब्दप्रयोग उच्चारला की समोरचा माणूस बहुधा हसतो. भौतिकशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी तर दरवर्षी एकच प्रश्न विचारत. "चादर विणून डॉक्टर होता येतं, तर स्वयंपाक करून का होता येऊ नये?" मी त्यांना म्हणालो, "होता येईल. आमटी का बिघडली, हे मात्र सांगता आलं पाहिजे." त्यांना ते विनोदासाठी केलेले उत्तर वाटले. मी विनोद केला नव्हता.

त्यांच्या हसण्याला कारण होते, हे मान्य केले पाहिजे. आमच्या क्षेत्रात संशोधन म्हणून जे येते, त्यातले बरेचसे संशोधन नसते. एखादा विद्यार्थी देवळाच्या खांबावरची वेल उतरवून घेतो, ती टॉवेलच्या काठावर बसवतो, आधी परंपरेवर एक प्रकरण लिहितो, नंतर आपल्या टॉवेलवर एक प्रकरण लिहितो, आणि शेवटी लोकांना टॉवेल आवडला असे लिहितो. टॉवेल चांगला असतो. वेलही चांगली असते. पण त्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी जे ठाऊक होते, त्याहून अधिक काही शेवटच्या दिवशी ठाऊक झालेले नसते. दुसरा एखादा शंभर घरांत प्रश्नावली वाटतो आणि टक्केवारी काढतो. लोक प्रश्नावलीत सभ्यपणे उत्तरे देतात. सभ्य उत्तरांची बेरीज केली की सभ्य निष्कर्ष निघतो.

संगीता माझ्याकडे आली ती अशाच एका विषयासह. सोलापुरी चादरीवरील पारंपरिक आकृतिबंध. मी नकार दिला.

"का, सर?"

"तुम्हाला यात काय माहीत नाही?"

ती रागावून गेली. संगीता माळशिरसकडची. घरी ऊस, नवरा तिकडेच साखर कारखान्यात, आणि ही इथे मुलीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे वर्गात उभी राहील तेवढ्याच तासांची ती शिक्षिका. सुट्टीत कोणीच नाही. तिची मराठी कॉलेजात बसवलेली होती. पण राग आला की त्या मराठीतून माळशिरस वर येई.

महिन्याभराने ती पुन्हा आली, तेही उन्हाळ्याचेच दिवस होते. दारातच म्हणाली, "सर, चादरींच्या कोपऱ्यात दोरा असतो. बघितलाय तुम्ही?"

मी पाहिला नव्हता. सोलापुरी चादरीची दोन्ही टोके सारखी असतात. मध्ये नक्षी, दोन्हीकडे तोच काठ, त्याच दशा. आम्ही मुलांना हेच शिकवतो, की समतोल साधा, एक बाजू दुसरीचे प्रतिबिंब असली पाहिजे. आणि ही चादर घरी गेली की घरातली बाई पहिल्याच दिवशी सुईदोरा घेते आणि एका कोपऱ्यात चार टाके घालते. ती पायाकडची खूण. पायाची बाजू तोंडावर येऊ नये म्हणून. आम्ही कष्टाने जो समतोल आणला, तो घराघरांत चार टाक्यांनी मोडला जात होता, आणि त्याविषयी कोणत्याही पुस्तकात एक ओळ नव्हती.

त्या रात्री मी आमच्या चादरी उलगडून पाहिल्या. दोरा होता. मी बायकोला विचारले, "हा कधी घातला?"

"चादर आणली की घालते. लग्न झाल्यापासून."

"कशाला?"

"तुमच्याच पायाची बाजू तुमच्या तोंडावर यायला नको म्हणून. मला काय, माझी वेगळी आहे."

एवढे बोलून ती झोपली.

संगीताचा तर्क सरळ होता. दोन्ही टोके सारखी आहेत म्हणून दोरा घालावा लागतो. टोके वेगळी विणली तर दोऱ्याची गरज उरणार नाही. तिने तशा चादरीचे डिझाइन काढले. डोक्याकडे भरगच्च काठ, उठावाची फुले; पायाकडे साध्या पट्ट्या. आंधळ्यालाही हाताने कळावे, असा फरक. विणण्यासाठी आम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अंबादासशेठ यांच्याकडे गेलो. शेठ घरात तेलुगू बोलत, कामगारांशी तेलुगू आणि कन्नड बोलत, आणि आमच्याशी खास सोलापुरी मराठी. मागांच्या आवाजात प्रत्येक वाक्य ओरडून बोलावे लागे, आणि शेठ यांना ते आवडे.

"चादरीला डोकं न् पाय? मग नाक-डोळं पण काढा की ओ म्याडम!"

"शेठ, हसू नका."

"हसत नाय ओ. पण बगा, मागावर चादरी एकामागं एक निघत्यात. एकीचं डोकं संपलं की दुसरीचे पाय चालू. कापणारा जरा हितं-तितं सरकला, तर एकीचं डोकं दुसरीच्या पायाला. मग गिऱ्हाईक मला विचारणार, हे काय जनावर आहे म्हणून."

त्यांनी विणून दिल्या. हवेत तरंगणारा कापूस शेठ यांच्या भुवयांवर बसला होता. त्या पांढऱ्या भुवया उंचावून त्यांनी पहिली चादर हातात घेतली, दोन्ही काठांवरून बोटे फिरवली आणि म्हणाले, "चांगली झाली की." ते सहसा असे म्हणत नसत. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या चादरी निरनिराळ्या घरांत वापरायला दिल्या. संक्रांतीनंतर संगीताने प्रत्येक घरी जाऊन विचारले. डोक्याची बाजू कळते का? कळते. चादर आवडली का? आवडली. तिने निष्कर्ष लिहून काढला. दोऱ्याची गरज संपली होती.

मग तो उन्हाळा आला.

मेअखेर प्रबंध द्यायचा होता. जूनमध्ये तिच्याच कॉलेजात एका कायम जागेची मुलाखत होती. प्रबंध सादर केलेल्याला त्या जागेसाठी पसंती होती. ती जागा मिळाली तर नवरा माळशिरस सोडून येणार होता, मुलीची शाळा बदलणार होती, दोन खोल्यांच्या तीन होणार होत्या. हे सगळे तिने मला कधी सांगितले नाही. ते तिच्या लिहिण्याच्या वेगातून कळत होते. राहिले होते ते फक्त फोटो. उन्हाळ्यात चादरी बाहेर पडतील तेव्हा स्लॅबवरच त्यांचे फोटो घ्यावेत, असे तिला वाटले. प्रकाश चांगला मिळेल. मीही बरोबर गेलो.

सात रस्ता चौकाच्या मागच्या बाजूला एका चाळवजा इमारतीत मालनबाई म्हणून एक बाई राहत. त्यांच्या जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता, इतका तो तापला होता. स्लॅबवर एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला चादरी. आमची चादर लांबूनच ओळखू आली. संगीताने कॅमेरा काढला, पुढे गेली आणि थांबली.

चादरीच्या कोपऱ्यात दोरा होता. लाल. चार टाके.

"मालनताई," ती म्हणाली, "दोरा कशाला घातला?"

"घालावं लागतंय की, म्याडम."

"पण हा काठ वेगळा आहे ना. डोक्याकडचा. कळतं म्हणाला होता तुम्ही."

"व्हय, कळतंय की. न कळायला काय झालं? लई ग्वाड चादर हाय. पर त्यो काठ टोचतोय तोंडाला. म्हून आमी त्यो पायाकडं घेतो."

"पायाकडं?"

"मग? फुलं चांगली दिसत्यात तितं. आन् लाल दोरा आमच्या मालकांचा."

संगीता हसली. ते हसू मला आवडले नाही. मालनबाईंनी आम्हाला पन्हे दिले, खाली उतरताना पदरात कुरडया बांधून दिल्या, आणि चादर परत मागू नका म्हणून दोनदा बजावले. संगीताने फोटो काढला. चादरीच्या ज्या कोपऱ्यात दोरा नव्हता, त्या कोपऱ्यातून काढला. मी पाहत होतो, हे तिला ठाऊक होते.

उन्हाळ्यातल्या सोलापूरला एक शुष्क शांतता असते. दुपारी रस्ते रिकामे, दुकानांची शटरे अर्धी खाली, रिक्षावाला रिक्षातच आडवा. डांबर चपलेला चिकटते. अशा दुपारी माणसाला खोटे बोलण्याचाही कंटाळा येतो. आम्ही रसवंतीत बसलो. घुंगरांचा चरक फिरत होता. मी म्हणालो, "फोटो चांगला आला असेल."

"आला असेल."

"कोपरा निवडून घेतला होता."

तिने ग्लास खाली ठेवला. "सर, तुमचं काय जातंय? तुमची नोकरी झाली, पेन्शन चालू हाय. मला जूनमधी मुलाखत हाय. एका घरात एका बाईनं दोरा घातला, म्हून मी सगळं पाडू का? ही एकच बाई, सर. बाकीच्यांनी न्हाय घातला तर?"

"बाकीच्यांनी घातला आहे का?"

"बघितलं न्हाय."

"आणि घातला असेल, तर कुठल्या कोपऱ्यात?"

"म्हटलं ना, बघितलं न्हाय मी."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. माझे खरेच काही जात नव्हते. सत्याचा आग्रह धरणे पेन्शनीत सोपे असते. म्हणून मी तिला उपदेश केला नाही. प्रबंधावर सही करणार की नाही, हेही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "निष्कर्ष तुमचा आहे. पण कोपरे पाहून मग ठरवा."

"आणि मुदत?"

"मुदत माझ्या हातात नाही."

ती उठून गेली. ग्लासात अर्धा रस तसाच होता.

पुढचे काही दिवस ती आली नाही. मी दुपारी पडून छताच्या पंख्याकडे पाहत असे. विचार करायला तेवढा वेळ पुरला. संगीताची चादर नसती, तर काय झाले असते? दोरा पायाकडची खूण म्हणून घालतात, असे सगळ्या बायकांनी आधी सांगितलेच होते. ते खरेही होते. कोणी कितीही प्रश्न विचारले असते, तरी तेच उत्तर आले असते, कारण त्या बायकांनाही त्याहून वेगळे सांगण्याचा प्रसंग आला नव्हता. वेगळ्या काठाची चादर घरात गेली आणि पायाकडची खूण अनावश्यक झाली. तरी दोरा आला. तेव्हा प्रथमच कळले, की दोरा आणखी काही सांगत असला पाहिजे. ही गोष्ट बोलून कळली नसती. ती विणूनच कळायची होती.

माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला हे उत्तर मला द्यायचे होते. वस्तू करणे म्हणजे संशोधन नव्हे. वस्तू सुंदर आहे, ती खपते, लोक तिचे कौतुक करतात, यातले काहीही संशोधन नव्हे. पण वस्तू हाच जेव्हा प्रश्न असतो, शब्दांत विचारता येत नाही म्हणून सुतात विचारलेला प्रश्न, आणि लोक ती वापरून, मोडून, उलटी पांघरून उत्तर देतात, तेव्हा ते संशोधन असते. मात्र ते उत्तर ऐकण्याची तयारी असावी लागते. आपल्या कामाविरुद्ध आलेले उत्तर ऐकण्याचीही. कारागीर चादर बिघडली की बाजूला टाकतो, व्यापारी ती सवलतीत विकतो. संशोधकाने ती बिघडली कुठे, हे पाहत बसायचे असते. हे काम नावडते आहे. त्याला मुलाखतीत गुण मिळत नाहीत.

एका सकाळी फोन आला. पलीकडे वारा होता, कुठेतरी कुकरची शिट्टी होती, आणि संगीता धापा टाकत होती.

"सर, रंग!"

"कोण? संगीता? सावकाश बोला."

"दोऱ्याचा रंग, सर. माणसागणिक हाय. लाल नवऱ्याचा, पिवळा मुलीचा, सासूचा पांढरा. प्रत्येक घरात वेगळं, पण घरात ठरलेलं. दोऱ्याची जागा सांगती पाय कुठं, आन् रंग सांगतो चादर कुणाची. एकच दोरा दोन कामं करतोय. माझ्या काठानं त्यातलं एकच केलं. आन् तेही उलटं! बघितलेल्यातल्या अर्ध्या घरांनी फुलांचा काठ पायाकडं घेतलाय. काहींनी डोक्याकडं. घर मिळून ठरवतंय, सर. आपुन कोण ठरवणार?"

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"स्लॅबवर. विडी घरकुल वसाहतीत. डोकं भाजतंय नुसतं. सर, निम्मी घरं राहिल्यात अजून, आज संध्याकाळपर्यंत न्हाय व्हायची. उद्याही जाते."

तिने मुदतीचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही. माझ्या नोकरीच्या काळात मी अनेक प्रबंधांवर सह्या केल्या. त्या आवाजात बोलणारा विद्यार्थी मला फारसा भेटला नव्हता.

प्रबंध मेअखेर गेला नाही. शेवटची दोन प्रकरणे तिने काढून टाकली आणि पुन्हा लिहिली. त्यात पाऊस लागला आणि संपला. जूनची मुलाखत तिने दिली. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, आणि तो उमेदवार वाईट नव्हता. संगीता पुढचे वर्षही तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. मुलीची शाळा तीच राहिली. मी तिला कधी म्हणालो नाही, की तुम्ही योग्य केले. ते म्हणण्याचा अधिकार ज्याने काही गमावले त्याला असतो.

त्या वर्षात तिने दुसरी चादर काढली. दोन्ही टोके पुन्हा सारखी. चारही कोपऱ्यांत मात्र साध्या विणीचा एक छोटा चौकोन, नक्षी नाही, उठाव नाही, सुई सहज जाईल असा मऊ. पुढचे ज्याचे त्याने करायचे.

अंबादासशेठ यांनी तो चौकोन बोटाने दाबून पाहिला. "आणि हितं काय येणार?"

"जे गिऱ्हाईक घालील ते."

"म्हणजे अर्धं डिझाइन गिऱ्हाईक करणार. मग म्याडम, तुमचं काम काय ओ?"

"जागा सोडायची, शेठ."

"हे बरंय की," शेठ म्हणाले. "आमच्या धंद्यात अशी जागा कुणी सोडत नाय."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. कडक इस्त्रीचा शर्ट, थंड आवाज. मार्गदर्शकाने बोलायचे नसते, म्हणून मी मागच्या रांगेत बसलो. खोलीत पंखा होता आणि त्याचा उपयोग नव्हता.

"तुमची पहिली चादर अपयशी ठरली," ते म्हणाले.

"हो, सर."

"तुम्ही ते स्वतःच लिहिलं आहे. सविस्तर."

"हो, सर."

"हे प्रकरण वगळलं असतं, तर प्रबंध अधिक आटोपशीर झाला असता. मुदतीतही झाला असता, असं दिसतं."

संगीताने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग परीक्षकांकडे. "झाला असता, सर. मग पुढचा कोणीतरी माझ्यासारखीच वेगळ्या काठाची चादर काढत बसला असता. त्याची दोन वर्षं गेली असती."

परीक्षकांनी दोन्ही चादरी मागून घेतल्या. त्या मांडीवर घेऊन ते बराच वेळ पाहत होते. पहिल्या चादरीचा फुलांचा काठ त्यांनी उचलला आणि, आम्ही पाहतो आहोत हे विसरून, गालाला लावून पाहिला. मग कपाळाला आठी घालून खाली ठेवला. त्यानंतर त्यांनी फारसे प्रश्न विचारले नाहीत.

पदवी मिळाली. कायम नोकरी मिळायला आणखी बराच काळ लागला, आणि ती सोलापुरात मिळाली नाही. आता संगीता दुसऱ्या गावी शिकवते. नवरा अजून माळशिरसलाच आहे. मुलगी मोठी झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत संगीता इकडे आली की भेटून जाते. फार बसत नाही, मीही फार बोलत नाही.

गेल्या आठवड्यात आली, तेव्हा चपला काढतानाच म्हणाली, "सर, एका मुलीनं मला खोटं पाडलंय."

"बसा. कुठली मुलगी?"

"नागपूरकडची. ओळख ना पाळख. माझा प्रबंध वाचून तिकडच्या घरांत फिरली. तिकडेही बायका खुणा घालतात, चादरीला, सतरंजीला. मी लिहिलं होतं की कुठली बाजू पायाकडं, हे घर मिळून ठरवतं. ती म्हणते, घर काही ठरवत नाही. जी धुते ती ठरवते. तिनं नवऱ्यांना विचारलं, पोरांना विचारलं. कोणाला सांगता येईना. सून आली आणि धुणं सुनेकडं गेलं, की खुणेचा कोपरा बदलतो म्हणे."

मला ते सगळे पाहिलेले-ऐकलेले स्लॅब आठवले. कुरडया, कुकरच्या शिट्ट्या, पन्हे. एकाही स्लॅबवर पुरुष नव्हता.

"आपण बायकांशीच बोललो, सर," संगीता म्हणाली, "आणि मी लिहिलं 'कुटुंब'."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. आधी तर राग आला. म्हटलं, नागपूरच्या बाईला आमची चादर काय कळती. मग गावी गेले तेव्हा घरातल्या चादरी काढून बघितल्या. सासूबाई होत्या तोवर दोरा डाव्या कोपऱ्यात असायचा. त्या गेल्यापास्नं उजव्या कोपऱ्यात हाय. मीच घातलाय, आणि मलाच कळलं न्हाय. नवऱ्याला विचारलं, आपल्यात कुठली बाजू पायाकडं? तर म्हणतो, चादरीला बाजू असत्यात व्हय?"

ती हसू लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पदवीच्या दिवशी ती अशी हसली नव्हती. त्या दिवशी ती दमलेली होती. आता तिच्या कामावर एका अनोळखी बाईने काही वर्षे घालवली होती, त्यातली चूक शोधली होती, आणि ती चूक शोधण्याइतके ते काम पक्के होते. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक प्रबंधांना कोणी खोटे पाडत नाही. त्यात पाडण्यासारखे काही नसते.

"तिला कळवलंत?"

"लिहिलं लगेच. म्हटलं, तुमचं बरोबर दिसतंय. पण सोलापूर बघितल्याशिवाय पुढचं छापू नका. चादरी बाहेर असतात तोवर या, दोघी मिळून फिरू. येते म्हणाली. पुढच्या सोमवारी येणार हाय."

"तिला सोलापूरचं ऊन माहीत नसेल. डोकं झाकायला सांगा."

"नागपूरची हाय, सर. तिला ऊन सांगायचं?"

हे खरे होते. मी विषय बदलला. "या वेळी पुरुषांना विचारा."

"विचारणार की," ती म्हणाली, आणि पिशवीतून पेन काढून समोर सरसावून बसली. "सुरुवात तुमच्यापासनं."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत सरळ झालो आणि म्हणालो, "विचारा."